हँडल सोडून इंजिन

आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन फुटलं तेव्हा तो ट्रॅक्टर काढणारी कंपनीच राहिली नव्हती. नव्वद सालानंतरची गोष्ट. मिस्त्रीनं तडा दाखवला आणि म्हणाला, "वेल्डिंग मारून देतो, पण माझ्या दारातनं बाहेर पडंपर्यंतच टिकंल. दुसरं इंजिन बघा." दुसरं म्हणजे तसलंच. भलत्या कंपनीचं इंजिन बसवलेले ट्रॅक्टर मी बघितलेत. निम्मा बैल, निम्मा रेडा.

शाहूपुरीतली पार्टची दुकानं झाली, इचलकरंजीकडचे भंगारवाले झाले. ट्रॅक्टरचं नाव सांगितलं की समोरचा हसायचा. "पावणं, ह्येचा साधा वायसर मिळंना, इंजिन कुठलं?" आमची जमीन नावापुरती. लोकांच्या रानात भाड्यानं नांगरट करायची, त्यावर घर चालायचं. ट्रॅक्टर उभा म्हणजे आम्ही नवराबायको दोघं बसून.

शेवटी मिस्त्रीच्याच कानावर आलं की गडहिंग्लजच्या पलीकडं एका खेड्यात तसलाच ट्रॅक्टर छपरात उभा आहे. एसटी धरून गेलो. घरात एकटी म्हातारी. मालक वारलेला, लेक लग्न होऊन बेळगावकडं. तिकडं आईला अव्वा म्हणतात, मीही अव्वाच म्हटलं. पण विचारायच्या आधीच मी ट्रॅक्टरवरचं गोणपाट ओढलं होतं, ऑईलची काडी काढून वास घेतला होता. ऑईल काळं, पण त्यात पाणी नव्हतं. इंजिन चांगलं होतं.

"अव्वा, हे इंजिन द्या. नुसतं गंजून जाईल की."

"गंजू दे."

"उद्या भंगारवाला किलोवर नेईल."

"त्यो बी येईल आणि तुमच्यासारखाच जाईल. च्या घेणार?"

चहा घेतला आणि परत आलो.

बायको अंगणात शेंगा फोडत बसली होती. म्हटलं, म्हातारी लई हट्टी हाय.

"तुम्ही काय बोललासा तिच्यासंगं?"

"इंजिनाचं."

"आणि तिच्या मालकाचं?"

"त्याचं काय बोलायचं? मेलाय की त्यो."

तिनं फोडलेल्या शेंगा सुपात ओतल्या. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला मी येते. तुम्ही तोंड मिटून बसायचं."

तसंच झालं. त्या दोघी कट्ट्यावर बसल्या, मी छपराच्या खांबाला टेकून. बराच वेळ इंजिनाचं नाव नाही. मालक कसा होता, काय खायचा, ट्रॅक्टर आणला तेव्हा गावातनं कसा फिरवला, सगळं निघालं. मला जांभया यायला लागल्या. मग बायकोनं रिकाम्या गोठ्याकडं बघितलं. खुंटीला दावं टांगलेलं होतं.

"म्हस इकली व्हय, अव्वा?"

"इकली. झेपंना."

"दावं ठिवलंसा न्हवं?"

"तर. दावं कोण देतंय व्हय?"

आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. गोठ्याचं नशीब त्या दोरीबरोबर जातं म्हणतात. बायको म्हणाली, "मग ह्येचं बी दावं ठिवा की."

म्हातारीनं ट्रॅक्टरकडं बघितलं. "ह्येला कुठलं दावं?"

बायको माझ्याकडं वळली. "अहो, ह्येला चालू करताना हातात काय धरतासा?"

"हँडल," मी म्हणालो. म्हणालो आणि मग कळलं काय बोलून बसलो ते.

कारण मला त्या हँडलाची फार गरज होती. माझ्या ट्रॅक्टरचा सेल्फ कधीच जळालेला, बटणावर चालू व्हायचा नाही; पुढनं हँडल घालून इंजिन फिरवावं लागायचं. हँडल लोहाराकडनं करून घेतलेलं, ते सटकायचं आणि उलट यायचं. माझं उजवं मनगट अजून वाकडं आहे ते त्यामुळंच; ते परत हातात धरायची माझी छाती नव्हती. म्हातारीच्या ट्रॅक्टरलाही सेल्फ उरला नव्हता, पण तिचं हँडल कंपनीचं, पहिल्यापासूनचं. तिनं ते सीटखालनं ओढून काढलं, पदरानं पुसलं आणि आत ठेवून आली.

"न्या आता," म्हणाली.

मी बायकोला बाजूला घेतलं. "अगं, हँडलाबगार चालू कसं करायचं?"

"इंजिन पायजे का हँडल?"

"दोन्ही."

"तुम्हाला लगीन झाल्यापास्नं दोन्हीच लागतंय. उतारावर लावू."

मिस्त्री चेन-कप्पी आणि टेम्पो घेऊन आला. म्हातारीनं बायकोला इंजिनावर हळद-कुंकू वाहायला सांगितलं, स्वतः लावलं नाही. तिनं फक्त हँडल घालायच्या जागी, निघालेल्या जनावराला चारावा तसा, भाकरीचा तुकडा ठेवला. मिस्त्री हसला. बायकोनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो मुकाट चेन ओढायला लागला.

आमच्या घरापासनं रस्ता ओढ्याकडं उतरतो. त्या दिवसापासनं ट्रॅक्टर रोज संध्याकाळी उताराच्या माथ्यावर, तोंड खाली करून, मागच्या चाकाला दगड लावून उभा. सकाळी मी वर बसायचो, गियर टाकून क्लच दाबायचो आणि म्हणायचो, "काढ." बायको दगड काढून बाजूला व्हायची. ट्रॅक्टर घरंगळायचा, क्लच सोडला की खोकायचा आणि धरायचा. मागनं तिचा आवाज यायचा, "ओढ्यात घालू नका." रोज तेच. रानात गेल्यावर इंजिन बंद करायची सोय नव्हती, म्हणून मी जेवायचो तेसुद्धा ट्रॅक्टर चालू ठेवून. लोक हसायचे. असं कितीतरी वर्षं चाललं. इंजिनानं कधी दगा दिला नाही.

ती गेली त्याला आता तिसरं वर्ष. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, परत आणली ती तशीच.

दगड माझा मी काढून बघितला. ब्रेक धरत नाही, उतार असा की गियरमध्येसुद्धा ठरत नाही, त्यामुळं दगड काढून वर चढंपर्यंत ट्रॅक्टर निघतो. एकदा त्याच्यामागं पळालो, ह्या वयात. शेजारी म्हणतात, हाक मारा की. एक दिवस मारली, दोन दिवस मारली. रोज सकाळी दुसऱ्याच्या दारात जाऊन काय सांगायचं? तेव्हापासनं ट्रॅक्टर जास्ती उभाच.

म्हणून परवा सेल्फ शोधायला शाहूपुरीत गेलतो. दुकानातला म्हणाला, "इतकी वर्षं सेल्फबगार चालवलासा की. आता म्हातारपणी कशाला खर्च?"

"दगड काढणारं माणूस गेलं," मी म्हटलं.

कसला दगड ते त्याला काय कळणार? पण त्यानं विचारलं नाही. स्टूल पुढं सरकवलं आणि शिडी लावून माळ्यावर चढला. बराच वेळ वर डबे सरकवल्याचा आवाज येत होता. उतरला तेव्हा शर्टभर धूळ. हातात दुसऱ्याच ट्रॅक्टरचा सेल्फ.

"दात जुळवून घ्यावे लागतील. बसंल पण."

घेऊन आलो. कधी बसवायचा म्हणून मिस्त्री दोनदा विचारून गेला. त्याला म्हटलं, नांगरटीचे दिवस येऊ देत, मग बघू.