हळदकुंकू लागलेली सीडी

उदगीरच्या वैजनाथरावांना आवाजाचा भारी नाद. बाजार समितीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. यांनी सुताराकडून सागवानी स्पीकर करून घेतले आणि जन्मभर जमवलेल्या सीड्या कॉम्प्युटरवर उतरवायला बसले. तेही कसंतरी नाही. एमपीथ्री म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. "ते पाणी घातलेलं दूध हाय," असं ते भाजीवाल्यालासुद्धा ऐकवतात. त्यांना लागतं फ्लॅक, म्हणजे सीडीवरचा कणभरही न गाळता उतरलेलं गाणं. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

त्या दिवशी त्यांच्या बायकोच्या, उज्वलाबाईंच्या सीडीची पाळी आली. माहेरी मुखेडला उज्वलाबाई आणि त्यांची थोरली बहीण केवळाबाई भजनं म्हणायच्या. धाकटी पुढं गायची, थोरली मागं धरायची. एका सप्ताहात कुणीतरी ते रेकॉर्ड करून दिलं होतं. पुढं गळ्याचं ऑपरेशन झालं आणि उज्वलाबाईंचा आवाज गेला तो गेलाच. आता बोलतात तेही घोगरं. तो गाता आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, या सीडीवर.

वैजनाथरावांनी डबी उघडली आणि सीडी उजेडात धरली. चकचकीत बाजूवर हळदकुंकवाची दोन ठसठशीत बोटं, वाळून घट्ट झालेली.

"हे कुणी केलं?"

"मीच की. खंडेनवमीला तुमची मशीन पुजली, मग हिलाच कसं वगळू?"

"अगं, पण या बाजूला? गाणं याच बाजूला असतंय!"

"मग काय पाठीला कुंकू लावू? आरशावानी चमकती ती बाजू तोंडाची न्हाई का?"

तेवढ्यात बाई लगबगीनं देवाची भांडी घासायची पावडर घेऊन आल्या.

"घासू नको!" वैजनाथराव ओरडलेच. "गाणं निघून जाईल सगळं!"

त्यांनी साबणाचं पाणी केलं, जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला आणि मधून कडेकडे, अलगद पुसू लागले. गोल पुसलं तर चरा गाण्याच्या रेघेबरोबरच धावतो, मग मशीनला तो ओलांडता येत नाही.

सीडी आत गेली. पहिलं भजन उतरलं, दुसरं उतरलं. तिसऱ्यावर गाडी अडली. नेमकं तेच, उज्वलाबाई एकट्याच गायल्या होत्या ते. गाणी उतरवणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम मोठा चिकट, खात्री पटेपर्यंत एकच जागा पुन्हा पुन्हा वाचणार. मशीन कण्हत होतं. उज्वलाबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

"राहू द्या, गेलं तर गेलं," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण खुर्चीची पाठ काही सोडली नाही.

आणि पडद्यावर एकदम हिरवी खूण!

"एकबी चूक न्हाई! एकबी न्हाई!" वैजनाथराव या वयात टुणकन उडाले आणि त्यांनी गाणं लावलं.

काय तो आवाज! मोकळा, रानात घुमावा असा. वरच्या सुराआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. "मी एवढं वर जात होते?" उज्वलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी फोन उचलला, मुखेडला बहिणीला लावला आणि बोलल्याबिलल्या नाहीत, थेट स्पीकरपुढं धरला.

"अगं, काय करायलीस! एवढं शुद्ध काढलेलं, त्या डबड्या फोनातून?"

पलीकडून केवळाबाई ओरडल्या ते साऱ्या खोलीला ऐकू आलं. "उज्वले! आवाज आला गं तुझा! कधी आला? अन् मृदंग कोण वाजवायलंय?"

वैजनाथराव खरं सांगायला पुढं सरसावले. उज्वलाबाईंनी डोळ्यांनीच दटावलं. बोलावं तर घोगरा आवाज फुटणार, म्हणून त्या ओठ घट्ट मिटून उभ्या. तोवर केवळाबाईंनी तिकडं मागं धरलंसुद्धा. थकलेला, पण तालात पक्का सूर. किती वर्षांनी दोघी बहिणी एकत्र गात होत्या!

भजन संपत आलं. उज्वलाबाईंनी घाबरून नवऱ्याकडं पाहिलं. वैजनाथरावांनी मुकाट्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.