जावयाच्या हातचा जोड

मी मुळात बढाईखोर माणूस. हे बायको सांगते, आणि ती सांगते तेव्हा मी चिडतो, म्हणजे ते खरंच असणार. वर्ध्याजवळच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर लोखंड कापणारं मशीन, चालवतो. प्रोग्रामही मीच लिहितो. घर सिंदी मेघेला, सासुरवाडी तळेगाव श्यामजी पंतची. तिथं संत्र्याची बाग आहे आणि यंदा त्या बागेत नवं बोअर मारलं.

पाणी चांगलं लागलं, पण पंपाचं तोंड एका मापाचं आणि घरात पडलेले पाइप दुसऱ्या मापाचे निघाले. मधे एक जोड हवा होता. सासऱ्यांनी फोनवर बोलता बोलता सहज सांगितलं, आष्टीच्या बाजारातून आणतो म्हणाले. मी कसला ऐकतो! म्हटलं, "मामाजी, घरचा जावई मशीनवर बसला असताना तुमी बाजारातला जोड लावता? लोक काय म्हनतीन?" ते मग म्हणाले, "बरं, तुमी म्हनता तसं."

जोड दिसायला वीतभर लोखंडाचा तुकडा, पण अख्खी मोटर आणि पंप त्याच्याच आट्यांवर लटकणार. असे आटे निमुळते कापावे लागतात. पुढे बारीक, मागे जाड, म्हणजे पिळत जाल तसे ते आपोआप आवळत जातात. मशीनला किती निमुळतं कापायचं ते एका आकड्यात सांगायचं असतं. मी हिशेब केला, आकडा घातला, चहा संपायच्या आत जोड तयार. कापलेले आटे चांदीसारखे चमकत होते. खरं म्हणजे नीट मापाचं गेज लावून तपासायला हवं होतं. मी कोपऱ्यात पडलेलं एक झिजून सैल झालेलं सॉकेट घेतलं, त्यात फिरवून पाहिलं आणि स्वतःलाच शाबासकी दिली. जोड तळेगावकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पंप उतरवायच्या आदल्या दिवशीच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोचलो तेव्हा बागेत बरीच मंडळी जमली होती. बोअरवर तिवई उभी, साखळीला पंप टांगलेला. जावयानं तिकडं फिरकायचं नसतं. आमच्याकडे जावई म्हणजे खुर्चीवर बसवून ठेवायची वस्तू. मला संत्र्याच्या सावलीत खुर्ची दिली, शेजारी बायकोच्या काकांना बसवलं, हातात सरबत दिलं. साळा दिसला नाही म्हणून विचारलं, तर म्हणे आष्टीले गेलता, आताच आला, तिकडं काम करून राह्यला.

मी काकांना प्रोग्राम समजावू लागलो. बिचारे मान डोलवत होते. मशीन कसं केसाएवढाही फरक पडू देत नाही, हे मी अशा थाटात सांगितलं की जणू ते मशीन माझ्याच पोटी जन्मलंय. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "चला काकाजी, पंप खाली जायच्या आत दाखवतोच तुमाले."

साळा आडवा आला. "भाऊजी, तिकडं चिखल हाये. बसा न तुमी."

मी त्याला बाजूला सारून पुढे गेलो. पंपाच्या तोंडावर काळ्या रंगाचा, बाजारातला जोड बसवलेला होता.

माझं डोकंच फिरलं. "माहा जोड कुठी हाये?" साऱ्या पाहुण्यांसमोर मी साळ्यावर ओरडलो, "काऊन रे, जावयानं केलेला जोड लावाची लाज वाटते का तुले?"

त्यानं आधी बापाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सकाळी लावून पाह्यला भाऊजी. बसला नाई."

"बसला नाई म्हनजे? मशीननं कापला हाये तो! आन इकडं."

त्यानं आणून दिला. कोऱ्या टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. मी पंप जमिनीवर घ्यायला लावला, काळा जोड काढायला लावला आणि बाह्या सरसावून माझा जोड स्वतः चढवू लागलो. थोडे फेरे गेले आणि तो अडकला. पाना लावला, पान्यावर लोंबकळलो, घाम फुटला. तो तसूभर हलेना. निम्मे आटे बाहेरच चमकत राहिले.

तिथंच वाकलेला असताना मला चूक दिसली. निमुळतेपणा मी फक्त आट्यांच्या लांबीपुरता मोजला होता. पण कापणारं टूल लोखंडाला लागायच्या आधीपासूनच, हवेतूनच, त्या उतारावर निघालेलं असतं. ते अंतर मी धरलंच नव्हतं. तेवढाच उतार जास्त लांबीवर पसरला आणि मंद झाला, म्हणून जोडाचं टोक हवं त्यापेक्षा जाड राहिलं. शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात सांगतात ती गोष्ट. हा जोड ठोकूनठाकून बसवला असता तर सगळा भार टोकाच्या चार आट्यांवर आला असता आणि मोटर बोअरच्या तळाला गेली असती. मला मान वर करवेना.

तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला, चांगला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ते पोरावर डाफरत होते. "सकाळी तूच वाकडा चढवला असन. नास केला त्या आट्याइचा."

साळा दोन लेकरांचा बाप. क्षणभरही न थांबता म्हणाला, "हो बाबा. माह्याच हातानं बिघडला."

बायको बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती जमिनीकडे पाहत होती. तिथले सगळेच कुठेतरी दुसरीकडे पाहत होते, कोणी झाडाकडे, कोणी तिवईकडे. सगळ्यांना कळलं होतं.

मी म्हणालो, "नाई मामाजी, चूक माही हाये. प्रोग्राममधीच मी..."

"जावईबुवा, ऊन लागून राह्यलं तुमाले," सासरे मधेच म्हणाले. "बसा तुमी सावलीत. अवं, चहा आना वं कोनी!"

मी पुन्हा तोंड उघडलं, तर काकांनी मला दंडाला धरून खुर्चीकडे नेलं. काळा जोड परत चढला, पंप खाली गेला आणि थोड्या वेळानं पाणी धो धो आलं. नारळ फोडायला मलाच बोलावलं. सासऱ्यांनी लोकांना सांगितलं, "आमच्या जावयाच्या हातचं पानी." मी नारळ फोडला. त्या पाण्यात पाय धुवायचीही माझी हिंमत झाली नाही.

निघताना साळा मोटरसायकलपर्यंत आला. संत्र्यांची पिशवी हँडलला अडकवून दिली. आजूबाजूला कोणी नव्हतं. बायको मागे बसली होती, पण तिनं काही ऐकलं असतं तर बरंच झालं असतं.

"भाऊजी," तो खाली पाहत म्हणाला, "तुमाले न इचारता बाजारातला आनला. राग नोका धरू."

इथं मला अडवायला कोणी नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, तुझं काही चुकलं नाही, चुकलं ते माझं.

"नाई धरला," मी म्हणालो, आणि वर त्याच्या पाठीवर थाप मारली.