बस म्हटलं की मॅडम बसतात

शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी हे सुरू झालं. आरूला क्लासच्या दारात सोडून मी परत फिरत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "आरूच्या आई, घरी साखर आहे का?"

असे किस्से कोणी जमवत बसत नाही. हार ओवताना मांडीत पाकळ्या साचतात, तसे ते साचतात. उठायच्या वेळी कळतं केवढा ढीग झाला.

आमचं अमरावतीत फुलांचं दुकान. मी सातवी शिकलेली, आणि माझी आरू यंदा सातवीत. शाळेच्या मागच्या खोलीत नाझिया मॅडम दर शनिवारी पोरींना प्रोग्रामिंग शिकवतात. म्हणजे कॉम्प्युटरला कामं कशी सांगायची, ते. पण अर्धे बाक रिकामे. हेडसरांनी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर लॅपटॉप अकोल्याच्या शाळेला देऊन टाकू. तेव्हापासून दर शनिवारी मी आधी बाक मोजते.

तर साखर. घर समोरच, मी डबाच उचलून आणला. मॅडम म्हणाल्या, मी कॉम्प्युटर, मला चहा करायला सांगा. सांगाल तेवढंच करीन.

पोरी म्हणाल्या, "साखर टाका."

मॅडम टाकायला लागल्या. किती, ते कोणी सांगितलंच नव्हतं. कप भरला, बशी भरली. सगळ्या पोरी ओरडल्या, "बस, बस!"

मॅडम खाली बसल्या. आणि बसल्या बसल्या साखर टाकून राहिल्या.

डबा माझ्या घरचा होता!

•

प्रोग्राममध्ये चूक राहिली की मॅडम तिला किडा म्हणतात. एका शनिवारी आरू मधल्या सुट्टीत घरी येऊन आजीला सांगते, "आजी, मॅडमनं आज माह्ये लई किडे काढले."

सासूबाई तापल्या. माह्या नातीच्या डोक्याले नाव ठेवलं म्हणून फणी घेऊन थेट क्लासात. मी मागून पळते आहे, तर सासूबाईंनी आरूला सगळ्यांसमोर बसवून भांग पाडून दाखवला. एक ऊ निघाली नाही. मग म्हणाल्या, आता बाकीच्याबी पाहू. मॅडम बिचाऱ्या काय म्हणणार, त्यांनी पोरींना रांगेत बसवलं.

निघाली ती हेडसरांच्या पोरीच्या डोक्यात.

त्यानंतर बरेच दिवस हेडसर आमच्या खोलीकडे फिरकले नाहीत.

•

फूलबाजारात शेवंती विकणाऱ्या शोभाकाकूंनी आपल्या मयुरीला क्लासातून काढलं. एक बाक आणखी रिकामा. मी विचारलं, काहून काढली? तर म्हणतात, शिकून का करन, पोळ्याच ना?

एरवी मी चार लोकांत तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. "काकू, मले सातवीतून काढलं तवाबी सारे हेच म्हणे. तवापासून पोळ्याच करून राहिली मी. कोणी कमी खाल्ल्या का? आरूले नाही काढत मी. अन् मयुरीले न्यायलेबी येतो शनिवारी."

काकू म्हणाल्या, "लई बोलाले शिकली व तू."

"शनिवारी मीबी बसतो ना क्लासले."

शनिवारी मयुरी दारातच तयार उभी होती. काकूंनी तिच्या वेणीत शेवंती माळली होती, आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

•

मग अकोला. तिथं सगळ्या शाळांच्या पोरांनी आपापले प्रोग्राम दाखवायचे होते. हेडसरांनी लॅपटॉप सोबतच घेतले. म्हणाले, हसं झालं तर तिथंच सोपवून येऊ, दुसरा चक्कर नको.

आरूनं आमचं दुकानच बनवलं होतं. पडद्यावर गिऱ्हाईक येतं, हार घेतं, जातं. खाली एक बटण, त्यावर लिहिलेलं, 'दुकान वाढवा'.

परीक्षक साहेब बाहेरचे, शहरात वाढलेले. त्यांनी ते बटण दाबलं. शटर खाली आलं, दिवे गेले.

"चुकलं बेटा," साहेब म्हणाले. "वाढवा म्हटलं तर दुकान मोठं व्हायला पाहिजे. हे तर बंद झालं."

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

आरू म्हणाली, "सर, दुकान बंद झालं असं म्हणत नाहीत. अपशकुन असते. आमी वाढवतो."

नाझिया मॅडम हळूच म्हणाल्या, "हमारे अब्बा भी रोज़ रात को दुकान बढ़ाते हैं, सर."

साहेब हसले, पण सोडेनात. "बरं. मग खरंच मोठं करायचं असेल, तर त्याचं बटण कुठं आहे?"

आरूनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं मी उधार मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहते.

"त्याले बटन नसते, सर. त्याले गिऱ्हाईक लागते."

येताना सगळे लॅपटॉप आमच्याच गाडीत होते. हेडसरांनी स्वतःच्या मांडीवर घेतले होते. पण बाक अजून भरले नाहीत. तुमच्या ओळखीत कोणाची पोरगी असेल, तर तिच्या आईच्या कानावर घाला, शनिवारी दहाला पाठव म्हणा. आईलाही बसायचं असेल तर बसू देतात.