अनारशावरचा ओरखडा

लोणावळ्याच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या भाचीला नवं खूळ लागलंय. विज्ञान प्रदर्शनासाठी जमवलेल्या, कारखान्यांनी बाद केलेल्या रॉकेटच्या सुट्या भागांचे अगदी जवळून फोटो काढायचे आणि घरच्या ग्रुपवर टाकायचे, ओळखा पाहू. निवृत्त झाल्यापासून मला मोबाईल बघायचाही कंटाळा येतो, डोळे चुरचुरतात. त्या दिवशी मात्र बघितला. लोकांची उत्तरं येऊन पडली होती: शॉवर, गाळणं, चकलीचा साचा. धन्य आहेत एकेक!

तो आमचा अनारसा होता. इंजिनात इंधनाचे फवारे सोडणारी, तिरक्या बारीक भोकांची चकती. तिच्यावरच्या जाळीमुळे आम्ही बायकांनी ठेवलेलं नाव. सुदुंबऱ्याजवळच्या कारखान्यात भिंगाखाली बसून आम्ही त्या भोकांच्या कडा सुईसारख्या हत्याराने साफ करायचो. अठरा वर्षं. डोळे त्यातच गेले, आणि ही चकती जाते कुठे, ते तेव्हा कुणी धड सांगितलंही नाही.

फोटो मोठा केला. तिसऱ्या रांगेतल्या भोकाजवळ ओरखडा होता, डावीकडे गेलेला. बाकी सगळ्या उजव्या हाताच्या. त्यांचं हत्यार घसरलं की ओरखडा उजवीकडे जायचा. डावखुरी मी एकटीच.

मोबाईल पालथा ठेवला.

आमची एक पद्धत होती. एकीचे डोळे थकले की शेजारणीने तिची चार भोकं करून द्यायची, कामाच्या कार्डावर न लिहिता. एकदा शेजारी बसणाऱ्या मावशींची मी अशीच करून दिली होती. ओरखड्यामुळे चकती रिजेक्ट झाली. कार्डावर नाव मावशींचं, म्हणून त्यांना टेबलावरून उठवून खोकी भरायला लावलं, ते थेट निवृत्त होईपर्यंत. मी मनाला समजावत राहिले, माझ्याच हातून कशावरून? चकती एकदा बघायलाही गेले नाही. खरं सांगायचं तर भ्याले.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये दाटीवाटीने बसून पवनानगरला गेले. मावशी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी मोबाईल पुढे केला. म्हटलं, "मावशी, तो रिजेक्ट झालेला अनारसा. ओरखडा माझा होता."

त्यांनी मोबाईल हातातही घेतला नाही.

"ठावं हाय. तवाच बघितलावता मी. डावरी तू एकलीच."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"तू सांगशील म्हनून थांबले," मावशी म्हणाल्या. "मग लय दिस गेले."

वाटभर जुळवलेलं सगळं विसरले. "चुकलं माझं," एवढंच म्हटलं. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. दोघींनाही नीट दिसत नव्हतं, म्हणून किडके दाणे बोटांनी चाचपत सोलत बसलो.