भुरीने रस्ता पाहिला

नारबोदीच्या दिवशी आमच्याकडे कोणी गाव सोडत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवनीवाड्यात पळसाच्या फांद्या शिवेबाहेर नेऊन टाकतात आणि सगळं गाव ओरडतं, "रोगराई घेऊन जा गे नारबोद!" मी मुद्दाम तोच दिवस धरला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता. दादाने बंडी जुंपली खरी, पण कोणी त्याला एरंडेल पाजल्यासारखं तोंड करून.

"गाव रोगराई बाहेर टाकून राहिलं, अना तू तिच्यासंगं जाऊन राहिली," तो म्हणाला.

"बरंच हाय," मी म्हटलं. "गाव साफ होते."

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. माझं लग्न होऊन तीन आणि नवरा तापाने जाऊन एक. माहेरी मला कोणी उपाशी ठेवलं नाही, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर आमचे लोक हे वाचून माझ्या अंगावर धावून येतील. रोवणीला मी होते, कापणीला मी होते, दादाच्या घरचा सगळा स्वयंपाक माझ्या हातचा होता. पण कोणाला हळद लागायची वेळ आली की मला घरामागच्या सांदवाडीत भांडी घासायला धाडायचे. सांदवाडीत बसून वाजंत्री ऐकायची. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा व्हायच्या आत मी ठरवलं की गोंदियाला जायचं. गावातल्या दोघी तिथे आधीच बिड्या वळायला गेल्या होत्या. त्यांना जमतं तर मला काय धाड भरली होती?

माय रडली नाही. तिने एका पोत्यात मांजराचं पिल्लू घालून आणलं. महिन्या-सव्वा महिन्याचं, मातकट रंगाचं, शेपटीचं टोक वाकडं. त्याची आई धान साठवायच्या ढोलीमागे मरून पडली होती आणि माय त्याला बोट बुडवून बुडवून पेज चाटवायची. "एकटी नोको राहू, बाई. घरात जीव पाह्यजे," ती म्हणाली. "पोत्याचं तोंड पक्कं बांधजो. रस्ता पाह्यला तं मांजर वापस येते."

दादा हसला. "हे पिल्लू? दिवाळीपर्यंत नाई वाचत. अना तूही नाई टिकत."

माझं डोकं सणकलं. मी बोलून गेले, "पिल्लू मेलं तं मी सोता बंडीत येऊन बसतो. जितं असलं तं तू पुन्हा मले न्यायचं नाव काढशील नाई."

"मान्य," दादा म्हणाला. मायने दोघांकडे पाहिलं आणि पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या डोक्यावरून फिरवायला तिला दादासमोर जमलं नसावं.

शिवेवर फांद्यांचा ढीग पडला होता. तो ओलांडला आणि मी पोत्याचं तोंड सोडलं. पिल्लाचं डोकं बाहेर आलं. म्हटलं, पाहा बाई, नीट पाहा. मला कोणी तोंड बांधून नेत नाही, तर तुला कशाला न्यायचं? दादा पुढे बैलांना हाकत होता, त्याला कळलं नाही. गोंदिया येईपर्यंत भुरी, हेच नाव मी तिला वाटेत ठेवलं, माझ्या मांडीवर बसून चिखलाचा सगळा रस्ता पाहत होती.

खोली मिळाली ती जीजीच्या घरात. जीजी छत्तीसगढची, नवरा धानाच्या गिरणीत, स्वतः दिवसभर बिड्या वळायची. आम्ही कारखान्यातून तेंदूची पत्ती आणि तंबाखूचा जर्दा घरी आणायचो. पत्ती भिजवायची, कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन त्यात जर्दा ठेवायचा, भरायचा, वळायचा, सुताने बांधायचा. पहिले पंधरा दिवस मला चक्कर यायची, अन्न वर यायचं. "आदत हो जाही," जीजी म्हणायची. मी घरी निरोप धाडायची की बरी आहे.

बरी मी नव्हते, आणि भुरी तर मुळीच नव्हती. तिसऱ्याच दिवशी तिला हगवण लागली. खोलीचा एक कोपरा राहिला नाही. मी म्हटलं, शहराचं म्हशीचं दूध जड गेलं असेल. दूध बंद केलं, मायसारखी पेज दिली. एक दिवस बरं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, वर ओकारी. तोंडातून लाळेची तार लोंबायची. सकाळी डोळे चिकटलेले असायचे, ते मी कोमट पाण्याने पुसायची. पोट कधी फुगायचं, कधी पाठीला लागायचं. जीजीने जंत सांगितले, वावडिंग दिलं. समोरच्या बाईने नजर सांगितली, मीठ-मिरची उतरवली. मी ओव्याचं पाणी पाजलं, बेलाचा गर चाटवला. भुरीने माझी बोटं चावून घेतली आणि तो गर माझ्याच लुगड्यावर ओकून टाकला.

आणि या गोष्टी गावाला कळत होत्या. आमच्या गावच्या त्या दोघींपैकी एक भाताच्या लोंब्या पाहायला घरी जाऊन आली आणि सांगून आली की पारबतीचं, म्हणजे माझं, मांजर आज जाते का उद्या. दादाने उलट निरोप पाठवला की बंडीचं चाक दुरुस्त करून ठेवलं आहे.

त्या निरोपाने मी पेटले. भुरीला पिशवीत घातलं आणि ढोरांच्या दवाखान्यात गेले. रांगेत दोन बैल, एक गाभण म्हैस आणि मी. लोक हसत होते. कंपाउंडर म्हणाला, "बाई, इथं ढोरं आनतेत. मांजर मेलं तं दुसरं भेटते."

"हे मेलं तं मले गावाले वापस जा लागते," मी म्हटलं. "दवा द्या. नाई तं म्हशीच्या मंगं मीच बसून राहतो."

आतल्या डॉक्टरांना बोलणं ऐकू गेलं असावं. त्यांनी भुरीचं पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या आणि खडूसारखी पांढरी पूड पुडीत बांधून दिली. दोन दिवस आराम पडला. मग पुन्हा लाळ, पुन्हा ओकारी. त्या दिवशी मात्र मी रडले. जीजीच्या ओसरीवर, सगळ्या बायांसमोर, सूप मांडीवर घेऊन. मला मांजराचं रडू येत होतं की सांदवाडीचं, ते मला आजही सांगता येत नाही.

मग एकदा कारखान्यात पत्ती संपली. चार दिवस काम बंद. बाया काळजीत, आणि इकडे भुरी दुसऱ्या दिवशी उठली, तिसऱ्या दिवशी माझ्या वेणीशी खेळली आणि चौथ्या दिवशी कोपऱ्यात घट्ट शी केली. कोणी हसो, मी ती शी पाहून जीजीला हाक मारली. एवढा आनंद मला शाळेत चौथी पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

पाचव्या दिवशी काम सुरू झालं. सवयीप्रमाणे भुरी माझ्या मांडीवर, सुपाखाली येऊन निजली. मध्येच मी तिला बोटाने पेज चाटवली. दुपारी तिच्या तोंडाला फेस.

मी हातातली बिडी खाली ठेवली आणि माझी बोटं हुंगली. मग भुरीची पाठ हुंगली. मग पदर हुंगला. सगळा जर्दा. सुपातून दिवसभर तिच्यावर जर्दा गळत होता, ती अंग चाटून साफ करत होती आणि वरून मी त्याच बोटांनी तिला भरवत होते. माय बोटाने भरवायची म्हणून मीही भरवत होते, पण मायच्या बोटाला शेतातला चिखल होता, माझ्या बोटाला तंबाखू. मी स्वतःच्या हाताने तिला रोज थोडं थोडं मारत होते. आणि मला जी चक्कर येत होती तीही हीच. माणसाला आदत होते, पिल्लाला कुठून होणार?

त्या दिवसापासून माझा कायदा झाला. जर्दा उंबऱ्याच्या आत येणार नाही. सूप जीजीच्या ओसरीवर. काम संपलं की राख आणि चिंचेने हात घासायचे, लुगडं बदलायचं, मग दार उघडायचं. भुरीची पेज बशीत. ती आतून दिवसभर ओरडायची, दार ओरबाडायची, मला बाहेर हात थांबवता यायचा नाही. बाया म्हणायच्या, "बिल्ली बर अतका नखरा!" मी म्हणायची, होय, बिल्लीसाठीच. पण पंधरा दिवसांनी पाहिलं तर जीजीने आपली तान्ही नात सुपाजवळून उचलून आत नेऊन झोळीत घातली. जाताना माझ्या वाटीतली चिंच तेवढी घेऊन गेली.

दिवाळीला दादा बंडी घेऊन आला. चाक खरंच दुरुस्त केलं होतं. भुरी छपराच्या कवेलूंवरून उतरली, बैलांना पाहून पाठ फुगवली आणि फिस्सकन त्याच्या अंगावर गेली. दादा दोन पावलं मागे सरला.

"हे थे पिल्लू नोहे," तो म्हणाला. "तू दुसरं आनलं."

मला शिवी आली होती ओठांवर. पण मी म्हटलं, चल, मायले दाखवू.

आम्ही तिघं दवनीवाड्याला गेलो. पोतं बंडीत होतं, तोंड उघडं. मायने भुरीला उचललं नाही, आधी शेपटीचं टोक बोटांत धरलं. "हेच हाय," ती म्हणाली. दादाकडे पाहून पुन्हा म्हणाली, "हेच हाय, बापा." दादा उठून बैलांना पाणी पाजायला गेला. तो विषय त्याने त्यानंतर काढला नाही. दादा शब्दाचा पक्का आहे, तेही लिहून टाकते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. चार दिवस भुरी जुन्या घरात राणीसारखी हिंडली होती, ढोलीमागे जाऊन झोपली होती. मला वाटलं, ही आता राहणार. मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं, असं सगळेच म्हणतात. मनातून मी तिला सोडलंही होतं. आणि ऐन वेळी ती सापडेना. ओसरी पाहिली, वर चढून माडा पाहिला, ढोलीमागे वाकून पाहिलं.

आज या गोष्टीला आठ वर्षं झाली. भुरीच्या पोरींच्या पोरी या मोहल्ल्यात उंदीर मारतात. माझ्या बोलण्यात अर्धी हिंदी शिरली आहे, माय म्हणते की तू शेठाणीसारखी बोलून राहिली. ओसरीवर मी बायांना पेपर वाचून दाखवते. गाव कोणतं विचारलं की मी दवनीवाडाच सांगते आणि लोंब्यांचा वास आला की अजून हातातली बिडी खाली ठेवते. पण तुम्ही गावात राहिलेले जेव्हा म्हणता की बिचारी पारबती परक्या जागी पडली आहे, तेव्हा तुम्हाला त्या भाऊबीजेनंतरच्या सकाळची आठवण करून द्यावीशी वाटते.

मायनेच पाहिलं. भुरी बंडीत होती. आपल्या पोत्यावर, पुढचे पाय पोटाखाली घेऊन, तोंड गोंदियाच्या रस्त्याकडे करून बसली होती, आणि आम्हाला कशाला उशीर लागतो आहे असं तिच्या डोळ्यांत होतं. मी तिला पोत्यात घालायला वाकले, तर मायने माझा हात धरला आणि यावेळी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "दोघीले रस्ता मालूम हाय."