कडकरावांच्या दुकानातली अडचण

कडकरावांचं खरं नाव गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. इस्त्री कडक आणि बोलणं त्याहून कडक, म्हणून गिऱ्हाइकांनीच हे नाव पाडलं होतं, आणि ते त्यांना मनातून आवडायचं. दुकान घराच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की आलंच. आत एक लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, कोपऱ्यात कोळशांची शेगडी आणि उरलेल्या जागेत लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे. उन्हाळ्यात तिकडे घरातलं कोणी चुकूनही फिरकत नसे. थंडी पडली की मात्र सगळं घरदार तिथे मुक्कामाला यायचं.

आधी यायचे वडील. शेगडीजवळच्या स्टुलावर बसायचे आणि बसल्या बसल्या पेंगायला लागायचे. मागोमाग बायको शेंगा सोलायला, आणि दुपारी शाळा सुटली की लेक, दप्तरासकट. कडकराव एकेकाचं यथासांग स्वागत करायचे. अडचण किती ती, हात हलवायला जागा नाही, हे दुकान आहे की धर्मशाळा! तोंडाचा पट्टा चालू असतानाच ते नुकती इस्त्री केलेली ऊन ऊन चादर वडिलांच्या गुडघ्यांवर टाकायचे. ती निवली की उचलायची, चुरगळलेली म्हणून पुन्हा इस्त्रीखाली घ्यायची, तोवर गुडघ्यांवर दुसरी. तुमच्यासारखी चादर कोणी करत नाही, असं गिऱ्हाईक म्हणालं की कडकराव मिशीतल्या मिशीत हसायचे आणि म्हणायचे, हाताचा गुण आहे. आपल्याकडे प्रत्येक चादरीला दोनदा इस्त्री होते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

यंदा थंडीच्या तोंडावर बायकोने घरात विजेचा हीटर आणला. खोली छान ऊबदार झाली आणि तिघांनीही तिथेच बस्तान मांडलं. कडकरावांनी, सुटलो एकदाचा, असं जाहीर केलं. शेजारच्या किराणावाल्याला मुद्दाम बोलावून त्यांनी मोकळं दुकान दाखवलं. किराणावाल्याने मान डोलावली आणि तोही पाच मिनिटांत निघून गेला, कारण त्याला तिथे बसून शेंगा खायची सवय होती.

पुढे कडकरावांना विसरायची खोड लागली. चष्मा घरी राहायचा, काडेपेटी घरी राहायची, एकदा तर तहान लागली म्हणून भरलेला माठ सोडून ते घरी पाणी प्यायला आले. बायको दर वेळी हवी ती वस्तू हातात द्यायची आणि म्हणायची, जा आता, कामाचा खोळंबा होईल. ते जायचे.

त्यातच चादरींच्या तक्रारी यायला लागल्या. पूर्वीसारखी घडी बसत नाही म्हणे. कडकरावांनी कोळशाला दोष दिला, मग हवेला दिला. एका दुपारी गरम चादर हातात घेऊन ते सवयीने स्टुलाकडे वळले. स्टूल रिकामं होतं. चादरीचं गुपित त्यांना त्याच क्षणी उमगलं, पण त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आपण इथे फार एकटे पडलो आहोत. त्यांनी इस्त्रीतले कोळसे शेगडीत ओतले, भर दुपारी दुकानाची फळी ओढली आणि घर गाठलं.

घरी तिघंही हीटरभोवती गप्प बसली होती. वडील चक्क जागे होते. कडकरावांनी आधी आपला नेहमीचा सूर लावून पाहिला. शेगडीची धग नुसती फुकट जाते, म्हणाले. बायकोने कोळसे कमी घालायचा सल्ला दिला. टेबलाखाली धूळ साठली आहे, म्हणाले. सुट्टीच्या दिवशी येऊन झाडते, असं लेक म्हणाली. आता मात्र घोडं अडलं. ते उंबऱ्यातच उभे राहिले, घसा खाकरला आणि भिंतीकडे बघत म्हणाले,

"मला तिथे करमत नाही."

कोणी हसलं नाही. वडिलांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अरे, हे यंत्र तुझ्यासाठीच आणलं. तुझं दुकान मोकळं व्हावं म्हणून. आमची अडचण होते, असं तूच म्हणायचास ना?"

"मी आपलं म्हणायचो, बाबा."

"इतकी वर्षं रोज म्हणत होतास. मला खरं वाटलं."

बायकोने उठून हीटरचं बटण बंद केलं. लेक दप्तर आवरू लागली. कडकराव खाली बसले, कोपऱ्यातल्या चपला ओढून घेतल्या आणि वडिलांच्या पायांत एकेक करून घालू लागले.