मरियामाईच्या पायाशी ठेवलेलं पत्र

नवस मी आयुष्यात एकच बोलले, आणि तो फेडायच्या वेळी असा घोळ घातला, की ऐकाल तर चहाचा कप हातातच राहील तुमच्या.

आमचा सुशील तीन वर्षांचा असताना तापाने फणफणला. अमरावतीच्या दवाखान्यात चार दिवस डोळा उघडेना. मी म्हटलं, "मरियामाई, हा उठला तर तुझा." पाचव्या दिवशी पोरगा उठला आणि त्याने संत्रं मागितलं. अजूनही संत्रं सोललं की मला तो लोखंडी पलंग दिसतो.

माय ऐकते हो, पण विसरत नाही! पुढे सुशील आपल्या मनानेच सेमिनरीत, धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत गेला, आणि बघता बघता गुरुदीक्षेचा दिवस ठरला. दीक्षा होती नागपूरला, सोबत शिकलेल्या मित्रांबरोबर. आता एका धर्मप्रांताचा मुलगा दुसऱ्या धर्मप्रांतात धर्मगुरू व्हायचा, तर आपल्या बिशपांचं परवानगीपत्र लागतं. मुलगा लायक आहे, तिथे दीक्षा द्यायला आमची संमती आहे, असं. सुशीलने ते अमरावतीहून अकोल्याला घरी आणलं आणि म्हणाला, "आई, पाकीट तेवढं चिकटवून ठेव."

एवढंच काम. पण आपल्या वऱ्हाडात पहिली लग्नपत्रिका देवापुढे ठेवतात ना? मग या पत्राचा मान मरियामाईला नको?

चर्चमध्ये गेले, पत्र पाकिटातून काढून माईच्या पायाशी ठेवलं. शेजारी माझा विनंतीचा कागद. नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, आम्ही बाया माईला कागदावर विनंत्या लिहितो आणि पेटीत टाकतो. त्या कोणी वाचत नाही. चर्चची देखरेख करणारे फिलीपकाका शनिवारी संध्याकाळी त्या जाळतात, धूर वर जातो. मी डोळे मिटले आणि इतकी रडले, इतकी रडले, की उठल्यावर एक घडी पेटीत टाकली, दुसरी पाकिटात घातली आणि वर डिंक लावला.

शनिवारी सकाळी सुशील पाकीट घेऊन नागपूरला गेला. संध्याकाळी फोन आला. आवाज एकदम शांत. तो शांत बोलला की समजायचं.

"आई, पाकिटात काय टाकलं तू? इथले बिशप वाचून राहिले."

आणि काय लिहिलं होतं मी? 'माय, शब्द फिरवत नाही, फक्त एक वर्ष थांब. पोरगा अजून कच्चा हाय. तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही, वांगं ताटात तसंच ठेवतो, रुसला की दोन दिवस बोलत नाही. एक वर्ष मले त्याले खाऊ घालू दे.'

लायकीच्या पत्राऐवजी हे!

दीक्षा रविवारी संध्याकाळी, अमरावतीचं कार्यालय उघडणार सोमवारी, आणि खरं पत्र पेटीत. मी एका पायात माझी, एका पायात यांची चप्पल घालून चर्च गाठलं. मागच्या अंगणात फिलीपकाकांनी सगळे कागद घमेल्यात ओतले होते. हातात पेटलेली काडी.

"काहून वो बाई, विनंती बदलाची हाय काय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माई तर माझंच ऐकत होती! पत्र जळालं की दीक्षा लांबणार. मी नुसतं गप्प बसायचं होतं.

काडी खाली येत होती. मला तो पलंग दिसला, संत्रं मागणारा हात दिसला.

"हो काका, बदलाची हाय," मी म्हटलं आणि घमेल्यात कोपरापर्यंत हात घातला.

पहाटेच्या गाडीने आम्ही दोघं नवराबायको पत्र घेऊन नागपूरला पोचलो. दीक्षा झाली. नंतर बिशप स्वतः आमच्याजवळ आले आणि माझा कागद परत देत म्हणाले, "बाई, लायकीची पत्रं पुष्कळ वाचली. पोराला इतकं ओळखणारं पहिलंच."

खाली सुशीलचं अक्षर होतं, 'सगळं खरं. पण वांगं आता खातो.'

तर बायांनो, तुम्हीही नवस बोला, आणि बोललात तर फेडा. माईला खरं खरं लिहा. फक्त डिंक लावायच्या आधी घडी एकदा उघडून बघा.

आणि ते एक वर्ष? माईने थोडं दिलं म्हणायचं. सुशीलची चर्चमध्ये सकाळची मिस्सा, म्हणजे उपासना, असली की तीन हाका अजून मीच मारते, फोनवरून.